वाचकांचे प्रश्न : पाखरांसाठी चरबीचे गोळे

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये बागेतल्या पक्ष्यांसाठी चरबीचे गोळे टांगते. तिचे पाहून मी डिसेंबरात वनस्पती तुपात ज्वारी आणि उरलेल्या चिवड्याचा चुरा कालवला, गोळे नायलॉनच्या जाळीत भरले आणि अंगणातल्या पेरूला बांधले. दुपारपर्यंत ते पाघळले, मुंग्या लागल्या. काय चुकले?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आधी ती जाळी काढा. तिच्यात पाखरांच्या नख्या अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय मोडतो.

तिकडच्या गोळ्यांत गुरामेंढरांच्या मूत्रपिंडाभोवतीची टणक चरबी असते. ती वितळायला साधारण 45 अंश लागतात. वनस्पती तूप त्याच्या बरेच आधी मऊ पडते आणि नागपुरात डिसेंबरातही दुपारचे ऊन चांगले तापते. असे तूप पिसांना लागले की पिसे एकमेकांना चिकटतात, त्यांतली हवा निघून जाते, मग ना ऊब टिकते ना पाणी निथळते. चिवड्यातले मीठही लहान पाखरांना सोसत नाही.

इंग्लंडात डिसेंबरचा दिवस जेमतेम 8 तासांचा. एवढ्याशा जिवाला लांबलचक गोठलेली रात्र अंगातल्या चरबीवर काढावी लागते, म्हणून तिथे गोळ्याला अर्थ आहे. आपल्या पाखरांना तशी निकड नाही. तरी हौस असेल तर डिसेंबर-जानेवारीतच, आणि थोडेच करा.

मटणाच्या दुकानात बोकडाच्या गुरद्याभोवतीची चरबी मागा. 100 ग्रॅम चरबी बारीक चिरून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर वितळवा. धूर येऊ देऊ नका. गाळून कोमट झाली की त्यात 200 ग्रॅम कोरडा माल घाला : ज्वारीचा भरडा, बाजरी आणि बिनमिठाच्या शेंगदाण्याचे जाडसर कूट. शेंगदाण्याला कुबट वास असेल तर तो सगळा टाका, कारण बुरशीचे विष भाजूनही पुरते जात नाही. मिश्रण सैल वाटले तर भरडा वाढवा.

करवंटीच्या काठाला 3 भोके पाडून सुतळी ओवा, म्हणजे ती तराजूच्या पारड्यासारखी टांगता येते. तळाशी दोन बोटे मिश्रण दाबून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. मुंग्यांसाठी सुतळीवर मध्येच बाटलीचे झाकण ओवा, भोक एमसीलने बुजवा आणि झाकणात पाणी भरा. सुतळीला ग्रीस मात्र फासू नका, तेही पिसांनाच लागते. करवंटी दिवसभर सावली राहील अशा फांदीला, मांजर झेप घेणार नाही एवढ्या उंचीवर लावा. उंदीर येऊ नयेत म्हणून रोज संध्याकाळी घरात घ्या. तिसऱ्या दिवशी उरलेले फेका, खवट वास आला तर त्याआधीच. साळुंकी, बुलबुल आणि टकाचोर हे बहुधा पहिले गिऱ्हाईक. सुरुवातीला चार-आठ दिवस कुणी फिरकले नाही तरी जागा बदलू नका. फेब्रुवारीत ऊन चढले की बंद करा.

प्रश्न : आमच्या घरी चरबी चालत नाही. तिच्याऐवजी काय वापरावे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तूप, लोणी, तेल यांपैकी काहीच नको. अर्धे संत्रे फांदीच्या खुंटीवर खोचा किंवा पिकलेल्या पपईची फोड ठेवा. बुलबुल आणि तांबट आवडीने येतात. फळ संध्याकाळी उचलायचे, नाहीतर आंबते.

पण नागपुरात खरी गरज पाण्याची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पसरट मातीचे परळ घ्या, पाणी दीड इंचाहून खोल नको, आणि पाय टेकायला मधोमध खडबडीत दगड ठेवा. रोज सकाळी पाणी ओतून परळ काथ्याने घासा, साबण नको. आठवडाभर तेच पाणी राहिले तर त्यात डास तयार होतात. परळ झुडपापासून सहा-सात फूट दूर असावे, म्हणजे दबा धरलेले मांजर पाखरांना आधी दिसते.