बर्लिनला चित्रकार म्हणूनच यायचं असेल तर

तुम्ही विचारलंत: पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका झालीय, पुण्यातल्या प्रकाशकांसाठी मुखपृष्ठं आणि आतली चित्रं करता, स्वतःची पेंटिंग्जही चालू आहेत. नोकरी न धरता, चित्रकार म्हणूनच बर्लिनला येता येईल का आणि आल्यावर भागेल का? मी इथे चित्रं आणि प्रिंट्स करूनच राहते, म्हणून सविस्तर लिहिते. येता येतं. भागतंही. पण सुरुवातीची काही वर्षं पेंटिंग्ज विकून भागेल अशी आशा धरू नका. तुमचं पोट भरेल ते मुखपृष्ठांवर, तेव्हा ते काम कमी लेखून मागे टाकून येऊ नका.

आधी व्हिसा. जर्मन कायद्यात चित्रकार हा डॉक्टर-वकिलांसारखाच स्वतंत्र व्यावसायिक, फ्रायबेरुफ्लर. निवासाच्या कायद्याचं कलम 21, पोटकलम 5 आपल्यासाठी आहे. इथले अमेरिकन मित्र सांगतील, ‘आधी ये, मग अर्ज कर.’ त्यांना ती सवलत आहे, आपल्या पासपोर्टला नाही. मुंबईच्या जर्मन वकिलातीतून योग्य तो व्हिसा घेऊनच निघायचं. अर्जाचा सगळा भार जर्मनीत तुम्हाला काम देऊ इच्छिणाऱ्यांच्या पत्रांवर असतो. ‘फार गुणी कलाकार आहेत’ असं कुणी कितीही प्रेमाने लिहून दिलं तरी त्याने काही होत नाही. कोणतं काम, किती दिवसांत, साधारण किती मानधन, हे पत्रात हवं. अशी दोन-चार पत्रं जमत नाहीत तोवर घर आवरायला घेऊ नका. वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. आणि ‘अडलं तर कॅफेत काम करीन’ हे डोक्यातून काढून टाका. परवाना ज्या कामासाठी मिळतो तेवढंच करता येतं, नोकरीसाठी वेगळी मंजुरी लागते.

आता ज्याच्यामुळे इथला कलाकार तगून राहतो ती गोष्ट: क्युन्स्टलरसोत्सियालकासे, म्हणजे कलाकारांचा सामाजिक विमा निधी, सगळे केएसके म्हणतात. 1983 पासून चालू आहे, कचेरी विल्हेल्म्सहाफेनला. जर्मनीत आरोग्यविमा आणि पेन्शनची वर्गणी नोकरदाराची अर्धी मालक भरतो. स्वतंत्र माणसाला सगळी स्वतःच भरावी लागते आणि तिथेच कंबर मोडते. केएसकेत तुम्ही अर्धीच भरता. उरलेल्या अर्ध्यात, एकूण वर्गणीच्या 20 टक्के केंद्र सरकार देतं आणि 30 टक्के कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या प्रकाशक, गॅलऱ्या, जाहिरात कंपन्या यांच्याकडून वसूल होतात. कलेवर कमावणाऱ्याने कलाकाराच्या दुखण्याखुपण्याचा वाटा उचलायचा, हे कायद्याने ठरवलंय. याचं मोल मला आजही फार वाटतं. आपल्याकडे रुग्णालयाच्या बिलासाठी चित्रं विकायला काढलेले कलाकार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. अट अशी की कलेतून वर्षाला किमान 3,900 युरो मिळकत हवी, पहिल्या तीन वर्षांत तीही माफ. पुस्तकांची चित्रं काढणारेही यात बसतात. अर्जाला करार, बिलं, बँकेतल्या नोंदी मागतात आणि निकालाला महिने लागतात, म्हणून पहिल्या कामापासून प्रत्येक कागद फाइलला लावा. पुण्याहून येणारं मानधनसुद्धा इथल्या करविवरणपत्रात दाखवायचं असतं.

गॅलरीबद्दलची आपली समजूत मात्र इथे उलटी करावी लागते. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी मिळवायला आपण वर्षानुवर्षं थांबतो, भाडं भरतो, आठवडाभर चित्रं लावतो आणि त्यात मान असतो. बर्लिनमध्ये चित्रं लावायचे पैसे कलाकाराकडेच मागणारी गॅलरी दिसली की तिथून निघायचं. चांगली गॅलरी विक्रीतला हिस्सा घेते, बहुतेक वेळा निम्मा, आणि स्वतः तुमच्याकडे यायला वेळ लावते. तोवर शहरातल्या प्रत्येक विभागाच्या सरकारी गॅलऱ्यांकडे लक्ष ठेवा. तिथे प्रदर्शनात भाग घेणाऱ्या कलाकारालाच मानधन द्यायची पद्धत 2016 पासून आहे.

स्टुडिओ हे इथलं खरं दुखणं. बीबीके या कलाकारांच्या संघटनेमार्फत सवलतीच्या भाड्याचे स्टुडिओ वाटले जातात, पण मागणी प्रचंड आणि 2025 च्या बजेटात शहराने संस्कृतीवरचे सुमारे 13 कोटी युरो कापले. पहिल्या वर्षी मिळेल असं धरून चालू नका. मात्र त्यांचीच क्रॉइत्सबर्गमधली, बेथानिएनच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतली छापकामाची कार्यशाळा शुल्क भरून वापरता येते. लिथोचे, म्हणजे दगडावरून छापायचे, दगड, एचिंगचे, म्हणजे कोरलेल्या धातूच्या प्लेटवर शाई लावून, पुसून छापायचे, प्रेस, स्क्रीनप्रिंट, सगळं एका छताखाली. शेजारच्या टेबलावर कुणी पन्नास वर्षं हेच करत आलेला माणूस ओला कागद ब्लॉटिंगमध्ये दाबत असतो. तुमची प्लेट प्रेसवर चढली की तो हातातलं सोडून बघायला येतो, कागद उचलल्यावर काळ्या भागात बोट दाखवतो, ‘इथे अजून पुसायला हवं होतं.’ माझ्या इथल्या निम्म्या ओळखी आणि बरीचशी कामं अशा टेबलांवरूनच आली. भाषेचंही तेच. बर्लिनमध्ये इंग्रजीवर निभतं, पण ही माणसं जर्मनमध्ये मोकळी होतात. पुण्याच्या मॅक्सम्युल्लर भवनात आत्ताच नाव घाला.

उजेडाची तयारी करून या. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, दिवसाही आभाळ राखाडी. साध्या दिव्याखाली जुळवलेला गेरू सकाळी खिडकीशी मेलेला दिसतो. 5000 केल्विनचे (दिवसाच्या उजेडासारखे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 95 च्या वरचे दिवे घ्या, रंगांच्या आधी घ्या. गरम न होणाऱ्या स्टुडिओत तैलरंग वाळता वाळत नाही आणि ॲक्रिलिकच्या बाटल्या गोठल्या तर वाया जातात.

चित्रं आणताना कॅनव्हास रुंद नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर रंग दबून सुरकुततो. कुरिअरने पाठवत असाल तर चित्र पुरातन वस्तू नाही असा दाखला भारतातलं कस्टम्स मागू शकतं. तो पुरातत्त्व खात्याकडून मिळतो, आधीच चौकशी करा. इथे विक्रीसाठी आणलेल्या चित्रांवर आयातीचा 7 टक्के कर लागतो. लाकडी चौकटी मात्र आणू नका. मोरित्सप्लात्सच्या मॉड्युलॉर दुकानात तयार पट्ट्या मिळतात, कॅनव्हास इथेच ताणून घ्या.