सालई गुग्गुळाचा अर्क पेशींमधला दाह खरंच कमी करतो, की तो नुसता मनाचा खेळ असतो?

मनाचा खेळ नाही. आमच्या घरात हेच शब्द वापरून आईची गोळी बंद करवली गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीने पोट जळायचं, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना विचारूनच सालईचा अर्क सुरू केला. मी फार्मसी शिकलेली, रोज औषधाच्या दुकानात उभी असते. काही आठवड्यांत सूज उतरली, ती पुन्हा जिना चढू लागली. मग दिवाळीत भाऊजी आले आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "आई, हा झाडपाला आहे, मनाचे खेळ." जावयाला उलट कोण बोलणार? आईने दुसऱ्या दिवसापासून गोळी घेतली नाही. मी बोलले, तर "तू दुकानाची बाजू घेतेस" हे ऐकावं लागलं.

आता मनाचा यात संबंध किती ते बघा. दाह सुरू झाला की पेशीच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटतं. एका वाटेने त्याची प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे दुखणं आणि सूज वाढवणारी रसायनं होतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वाट अडवतात. दुसऱ्या वाटेवर ५-लायपॉक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) बसलेलं असतं. ते ल्युकोट्राइनं तयार करतं, आणि त्यातलं बी४ आणखी पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावून घेतं. सूज वाढत जाते ती अशी. सालईच्या डिंकातलं बॉस्वेलिक आम्ल, विशेषतः त्याचा एकेबीए नावाचा प्रकार, हे विकर रोखतं. जर्मनीत ट्युबिंगेनच्या आमोन यांच्या गटाने हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं. २०२० मध्ये तर विकराला चिकटलेल्या एकेबीएची स्फटिकरचनाच, म्हणजे ते नेमकं कुठे बसतं याचं चित्रच, प्रसिद्ध झाली. ते मुख्य जागी न बसता बाजूच्या खाचेत बसतं आणि विकराचं कामच बदलून टाकतं. स्फटिकाला मन नसतं, भाऊजी.

आणि माणसांवरचा पुरावा हवा असेल तर नागपूरचाच आहे. गुडघेदुखीचे ३० रुग्ण, निम्म्यांना अर्क, निम्म्यांना खोटी गोळी, आठ आठवड्यांनी अदलाबदल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही. २००३ मध्ये छापून आलं. अर्क घेताना दुखणं आणि सूज कमी, चालणं जास्त. ३० हा आकडा लहान आहे, मान्य. पण मनाचाच खेळ असता तर खोट्या गोळीनेही तेवढाच फरक पडायला हवा होता.

त्याच चाचणीत क्ष-किरण चित्रात मात्र काही बदल दिसला नाही. म्हणजे दाह उतरतो, झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) भरून येत नाही. ती भरून येते असं सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका, मग तो माझ्याच धंद्यातला का असेना.

घ्यायचाच असेल तर बाटलीवर एकेबीएचं प्रमाण छापलेलं बघा. नुसतं 'बॉस्वेलिया' (सालईचं शास्त्रीय नाव) लिहिलेल्या बाटलीत ते किती आहे ते कळत नाही. रिकाम्या पोटी घेऊ नका, तेल-तुपाच्या जेवणासोबत ते जास्त शोषलं जातं. काहींना मळमळ किंवा जुलाब होतात. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर नाही. पंगतीतल्या कोणी म्हटलं म्हणून मात्र बंद करू नका.