लोगो राहू द्या, आधी ती फॉन्टची फाइल काढा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकचे पाच जण, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणणारा छोटा प्रोग्रॅम, तो डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त संगणक प्रणालीत घेतला जावा ही इच्छा. आणि नाव-लोगोच्या वादात तीन रविवार गेले. दोघांना 'डेबियन नाशिक' हवं, दोघांना गोदेवरून काहीतरी, पाचवा गप्प बसून चहा सांगतो.

तुमचा सोर्स उघडून पाहिला. काम चांगलं आहे. पण चाचण्यांच्या फोल्डरमध्ये एका विकाऊ सॉफ्टवेअरचा फॉन्ट जसाच्या तसा ठेवलाय. पॅकेज, म्हणजे डेबियनसाठी बांधलेला तुमचा प्रोग्रॅम, तिथेच अडणार. डेबियनमध्ये येणारं प्रत्येक नवं पॅकेज न्यू नावाच्या रांगेत थांबतं आणि डेबियनची माणसं त्यातल्या फायलींचे परवाने तपासतात. माझं पहिलं पॅकेज एका आयकॉनपायी परत आलं होतं, तेही दोन महिने वाट पाहिल्यावर.

खरं तर तुम्हाला तो फॉन्ट लागतच नाही. चाचणीला अक्षराचं चित्र नको, त्यामागचे कोड हवेत. चार ओळी स्वतः टाइप करून साध्या मजकुराची फाइल ठेवा. त्यात 'नाशिक' असू द्या, कारण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी येते आणि युनिकोडमध्ये नंतर. 'सूर्य' घ्या, तिथे रफाराचं नेमकं उलटं होतं. 'दऱ्या' आणि 'त्र्यंबकेश्वर' नीट उतरले, तर तुम्हाला उतरवायची आहेत ती पतसंस्थेची जुनी पत्रकंही बहुतेक उतरतील. अजून एक, जुन्या फॉन्टच्या कोडला युनिकोडचं कुठलं अक्षर, हा तक्ता कुठून आणलात? कुठल्या तरी साइटवरून उचलला असेल आणि तिथे परवाना लिहिलेला नसेल, तर त्याचा अर्थ 'फुकट घ्या' असा होत नाही. परवानगीच नाही, असा होतो. पुन्हा बनवा, दोन संध्याकाळींचं काम आहे.

आता नाव. डेबियनचा तो भोवऱ्याचा लोगो खुल्या परवान्यात आहे, पण डेबियन हे नाव ट्रेडमार्क आहे. विचारल्याशिवाय ते संस्थेच्या किंवा उत्पादनाच्या नावात घालता येत नाही. यात आखडूपणा वाटला तर फायरफॉक्स आठवा. त्याचा लोगो मुक्त परवान्यात नव्हता म्हणून डेबियनने तो वगळला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं पडलं की लोगो नसेल आणि बदल आमच्याकडून मंजूर करून घेणार नसाल, तर नावही वापरू नका. २००६ मध्ये डेबियनमधल्या या ब्राउझरचं नाव आइसवीझल झालं आणि २०१६ पर्यंत तसंच राहिलं. कोड तोच, पाटी वेगळी. नव्या माणसाला मात्र दरवेळी समजावत बसावं लागायचं.

गोदेचं नाव प्रकल्पाला खुशाल द्या. पॅकेज आणि कमांडचं (प्रोग्रॅम चालवायला टाइप करायच्या शब्दाचं) नाव मात्र कंटाळवाणं, शोधलं की सापडणारं ठेवा. पॅकेजच्या नावात रोमन लिपीतली छोटी अक्षरं, आकडे आणि अधिक, उणे, टिंब एवढंच चालतं, त्यामुळे देवनागरीचा हट्ट तिथे नको. कमांड आधी कोणी घेतलेली नाही ना, तेही बघा. नोड हे नाव हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, एका जुन्या प्रोग्रॅमकडे होतं, म्हणून डेबियनमध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसची कमांडच वेगळ्या नावाने द्यावी लागली. २०१२ मध्ये हे प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेलं. (खुद्द डेबियन हे नाव १९९३ मध्ये इयान मर्डॉकने मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचं नाव जोडून ठेवलं. त्याचे तीन रविवार गेले असतील असं वाटत नाही.)

हे झालं की आयटीपी नोंदवा, म्हणजे 'हे पॅकेज आम्ही करतोय' अशी नोंद. कोणीतरी विचारेलच, 'असलं आधीच आहे, मग हे कशाला?' चिडू नका. फरक दोन ओळींत सांगता येत नसेल, तर प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी कोणी डेबियन डेव्हलपर नाही, तेव्हा अपलोडला स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने पॅकेज चढवणारा डेव्हलपर, लागेल. फॉन्ट निघाला की मी बघतो.

कॉपीराइट फाइलमध्ये पाचही नावं येऊ द्या. मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, म्हणून मात्र बगच्या तक्रारींना उत्तर देणारा माणूस हवा. गिटचा लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, पाहिला, त्या तीनही रविवारी एकाच माणसाचे कमिट आहेत. तो चहा सांगणाराच ना?