कारखान्याच्या आगीतून निघालेला विषारी वायू उपग्रहावरून मोजता येतो का?

हो, निदान सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधक जळल्यावर निघणारा वायू, तरी नक्की मोजता येतो. हा वायू सूर्यप्रकाशातले ठरावीक अतिनील किरण शोषतो. परत वर येणाऱ्या प्रकाशात ते किती घटले, त्यावरून हिशोब लागतो. जून-जुलै २००३ मध्ये इराकात मोसुलजवळच्या अल-मिश्राक कारखान्यातलं गंधक जवळजवळ महिनाभर जळत होतं. नासाच्या उपग्रहावरच्या टॉम्स उपकरणाच्या नोंदींवरून सुमारे ६ लाख टन वायू बाहेर पडल्याचा अंदाज निघाला, म्हणजे एखाद्या ज्वालामुखीइतका! पण हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेचा असतो. आजचा सेंटिनेल-५पी हा उपग्रहसुद्धा दिवसातून साधारण एकदाच, दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. आगीजवळच्या माणसाच्या नाकातोंडात किती वायू जातोय, हे जमिनीवरचं यंत्रच सांगेल.