संमोहनाने जुना मानसिक आघात बरा होतो का? अचेतन मनातलं खरंच बाहेर येतं का?

मदत होऊ शकते, पण मुख्य उपचाराच्या जोडीला. संमोहनात माणूस झोपत नाही. लक्ष एकवटतं, अंग सैलावतं. त्यामुळे धडधड, घाबरेपणा आटोक्यात आणायला सोपं जातं.

मला धास्ती वाटते ती ‘दडलेली आठवण खणून काढतो’ म्हणणाऱ्यांची. आठवण म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. सूचनेच्या प्रभावाखाली मन रिकाम्या जागा कल्पनेने भरतं, आणि वर ‘हे घडलंच होतं’ अशी खात्रीही वाटू लागते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानेही १८८५-८६ मध्ये पॅरिसला शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाकडे संमोहन पाहिलं, रुग्णांवर वापरलं, आणि पुढे सोडूनही दिलं!

आघातासाठी आधी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा, संवादातून होणारा उपचार) किंवा ईएमडीआर (आघाताची आठवण मनात आणत डोळ्यांच्या हालचाली करवून घेणारा उपचार) याबद्दल विचारा. संमोहन करायचंच तर प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. भास होत असतील तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.