कोलूचं माप आणि पात्राचं माप

प्रश्न : १९१२ च्या सुमारास अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये घडणारी कादंबरी लिहितो आहे. नायक रत्नागिरीकडचा, तेवीस वर्षांचा राजबंदी. तो सगळं निमूट सोसतो आणि एका रात्री तिंडालाला, म्हणजे कैद्यांवरच्या मुकादमाला, खडे बोल सुनावतो. मित्रांना वाचून दाखवलं तर म्हणाले, हा माणूस नाही, पुतळा आहे. काय करू? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : मित्र खरं बोलले. ते खडे बोल आधी काढून टाका. रात्री सुनावलं आणि सकाळी त्याची काही किंमत पडली नाही, तर वाचकाचा त्या तुरुंगावर विश्वास बसत नाही.

मग कोलूचा, म्हणजे कैद्यांकडून ओढून घेतल्या जाणाऱ्या तेलाच्या घाण्याचा, हिशेब मांडा, तोही कागदावर. राजबंद्यांना नारळाच्या तेलाचं रोजचं माप होतं तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. हाताच्या घाण्यावर सुक्या खोबऱ्यातून अर्ध्याहून थोडं अधिक तेल सुटतं असं धरा. म्हणजे दिवसाला बावीस-चोवीस किलो खोबरं तुमच्या नायकाच्या अंगाखालून गेलं पाहिजे. आता अंदमानचा पाऊस आठवा. दोन्ही मोसमी वारे तिथे बरसतात, वर्षातले सात-आठ महिने हवा ओलीच. दमट खोबरं चिवट होतं, तेल लवकर सोडत नाही. खोबरं बदललं, माप बदललं नाही. कादंबरीतला जुलूम इथे आहे. त्यासाठी शिव्या देणारा जेलर दर पानावर आणायची गरज नाही.

माणूसपण दाखवायचं तर याच हिशेबात दाखवा. शेजारच्या कोलूवरचा म्हातारा संध्याकाळी दोन पौंडांनी कमी पडतो. नायकाचं माप नुकतंच भरलंय. तुमच्या मसुद्यात बहुधा असं वाक्य असेल : ‘त्याचं अंतःकरण करुणेने भरून आलं आणि त्याने आपलं तेल त्याला देऊन टाकलं.’ त्याऐवजी हे पाहा :

‘बादली उचलताना त्याने ती कलती धरली. म्हाताऱ्याच्या भांड्यात धार पडली. तीन मोजेपर्यंत पडू द्यायची असं त्याने ठरवलं होतं. पाचला थांबला. स्वतःच्या बादलीकडे बघून त्याला म्हाताऱ्याचा राग आला.’

तो राग काढू नका. नायक त्या रागामुळेच उभा राहतो. आणि पुढच्या प्रकरणात त्याचं तेल कमी भरलंच पाहिजे. इतरांची जेवणं उरकल्यावर तो पुन्हा दांडा ओढतोय, म्हातारा आपल्या कोठडीत झोपलाय, आणि पुढच्या वेळी धार तीनलाच थांबते. चौथ्या वेळी काय होतं, यावर तुमची कादंबरी उभी आहे.

प्रश्न : तिंडाल, पेटी ऑफिसर ही मंडळी खलनायक म्हणून रंगवावी का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ही मंडळीसुद्धा कैदीच होती हे विसरलात तर सगळंच चुकेल. वॉर्डर, पेटी ऑफिसर, तिंडाल, जमादार ही उतरंड जुन्या शिक्षाबंद्यांतूनच भरली जाई. गोरे अधिकारी मोजके. रोजचा दांडा यांच्या हाती. वर तक्रार गेली की हुद्द्याचा पट्टा जाणार आणि स्वारी पुन्हा छिलका (नारळाचं सोडण) कुटायला.

म्हणून तिंडालाला सुटकेची तारीख द्या. कैद्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर ती कोरलेली असे, त्याचा वापर करा. अकरा महिने उरलेला तिंडाल आणि सात वर्षं उरलेला तिंडाल एकाच बादलीकडे वेगळ्या नजरेने बघतील. मात्र त्याचं हृदयपरिवर्तन करू नका, ते फार स्वस्त पडतं. काटा बघताना त्याने एकदा खोकून मान वळवावी. दुसऱ्या दिवशी त्याच कैद्याला त्याने जरुरीपेक्षा जास्त बडवावं, कारण काल कुणी पाहिलं असेल ही भीती. एवढं पुरे.

प्रश्न : बोलायलाच बंदी, मग संवाद कसे लिहू? — एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी इमारत समजून घ्या. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात तीनमजली चाळी, आणि एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. समोरासमोर कुणीच नाही. झरोका सुमारे दहा फुटांवर. कडी दारापासून दूर भिंतीच्या खोबणीत, आतून हात पोचू नये अशी. तेव्हा ‘गजाआडून त्यांची नजरानजर झाली’ हे वाक्य असेल तर खोडा.

भिंतीवर ठोके देऊन, बेड्या वाजवून बोलण्याची रीत बंदिवानांनी लिहून ठेवली आहे. तुमच्या पात्रांसाठी अशी लिपी स्वतः बसवा. वर्णमालेचे पाच वर्ग म्हणजे पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. य ते ळ ही सहावी ओळ. आधी ओळीचे ठोके, मग अक्षराचे. प म्हणजे पाच आणि एक, ण म्हणजे तीन आणि पाच. ‘पाणी’ला चौदा ठोके झाले. पण काना-वेलांटी ठोक्यात येत नाही, म्हणून ‘पाणी’ आणि ‘पण’ ऐकायला एकच! पलीकडचा पाणी मागतोय की वाक्य अर्धवट राहिलंय, हे नायकाला रात्रभर कळू नये. असा संवाद तुम्हाला फुकट मिळाला आहे, वापरा.

भाषेचं भानही ठेवा. प्रांतोप्रांतीचे कैदी, त्यामुळे हुकूम आणि व्यवहार मोडक्या हिंदुस्थानीत. नायकाची मराठी डोक्यातच राहील. महिनोन्‌महिन्यांनी भिंतीपलीकडून कुणी मराठीत कण्हलं, तर त्याला आधी आनंद न होता दचकायला होईल.

प्रश्न : सगळ्या शिक्षा सविस्तर द्याव्यात का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : एकच द्या. बाकीच्या नावापुरत्या : खोडाबेडी, दंडाबेडी, नुसत्या कांजीवर (तांदळाच्या पेजेवर) ठेवणं. यादी लांबली की तिसऱ्या शिक्षेला वाचक पान उलटतो. खडी हातकडी घेतलीत तर वेदना हा शब्द टाळून, भिंतीला हात अडकवलेल्या माणसाला काय करता येत नाही तेवढंच लिहा. नाकावर डास बसलाय. घाम डोळ्यात उतरलाय. लघवीला जायचंय, पण वॉर्डर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याला हाक मारावी की नाही, हे ठरत नाही.