पेडलबोर्डवरचा उजेड आणि अँपमधली शीळ

प्रश्न : अंधाऱ्या रंगमंचावर गिटारच्या पेडलांची (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणांची) बटणे दिसत नाहीत, म्हणून मी ती ज्यावर मांडतात त्या बोर्डला बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणि डिमर बसवला. प्रकाश मंद केला की अँपमधून (गिटारच्या ध्वनिवर्धकातून) बारीक शीळ ऐकू येते. काय चुकले असावे?

उत्तर : दोष बहुधा पट्टीचा नसून डिमरचा आहे. स्वस्त डिमर विद्युतदाब कमी करत नाहीत, तर सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतात. डोळ्यांना हे लुकलुकणे जाणवत नाही, पण त्याची वारंवारता २० ते २०,००० हर्ट्झ या श्राव्य कक्षेत येते आणि पट्टी पेडलांच्याच वीजपुरवठ्यावर असेल, तर सामाईक ग्राउंडमधून (दोघांच्या प्रवाहाच्या एकत्र परतीच्या वाटेतून) हा गोंगाट डिस्टॉर्शन पेडलपर्यंत (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलपर्यंत) पोहोचून कित्येक पटींनी मोठा होतो. पूर्ण प्रकाशात शीळ थांबत असेल, तर निदान पक्के समजावे.

पट्टीचा पुरवठा वेगळा करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी ५ व्होल्टची यूएसबी पट्टी घेऊन ती पॉवर बँकेवर चालवावी. मात्र भार फार कमी असला की काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात, त्यामुळे कार्यक्रमाआधी घरी तासभर चाचणी घ्यावी. बारा व्होल्टचीच पट्टी ठेवायची असल्यास तिला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा, कारण मीटरला ४.८ वॉटची साधी पट्टीसुद्धा ४०० मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि पेडलांच्या पुरवठ्याचे अनेक सॉकेट १०० मिलिअँपिअरचेच असतात. डिमरच्या तारा सिग्नलच्या केबलला समांतर नेऊ नयेत. ओलांडाव्याच लागल्या, तर काटकोनात ओलांडाव्यात.